डॉगवूडचा राहून गेलेला हिशेब

उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडील जंगलांत, उंच ओक आणि हिकरीच्या सावलीत डॉगवूड हे लहानखुरे झाड वाढते. माणसाने त्याचे मोल तीनदा ठरवले आणि तिन्ही वेळा फळाला त्यात जागा मिळाली नाही. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात नाकेबंदीमुळे दक्षिणेकडच्या राज्यांत क्विनीनचा तुटवडा पडला. त्या वेळी फ्रान्सिस पोर्चर यांनी १८६३ च्या आपल्या ग्रंथात हिवतापावर पर्याय म्हणून डॉगवूडची साल सुचवली. पुढे कापडगिरण्यांना त्याच्या लाकडाचे महत्त्व कळले. ते इतके टणक आणि घट्ट असते की झिजताना खडबडीत न होता गुळगुळीतच राहते, त्यामुळे सूत न तोडता धावणारा धोटा त्यातून उत्तम घडतो. तोडलेले बहुतेक डॉगवूड धोट्यांसाठीच जाई. तिसरे मोल फुलांचे. बोगनवेलीप्रमाणे इथेही पाकळ्या वाटतात ती खरे तर रंगीत सहपत्रे असतात. तरी त्यांच्याच जोरावर ते १९१८ मध्ये व्हर्जिनियाचे आणि १९४१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाचे राज्यफूल झाले. टोकियोने १९१२ मध्ये वॉशिंग्टनला चेरीची झाडे दिली होती, त्यांची परतभेट म्हणून १९१५ मध्ये अमेरिकेने डॉगवूडच पाठवले.

जंगलाचा हिशेब मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, लालभडक फळे पिकल्यावर सुरू होतो. नेमके याच सुमारास कस्तुरवर्गातले पक्षी दक्षिणेकडे निघतात आणि लांबच्या उड्डाणासाठी त्यांना चरबी साठवावी लागते. डॉगवूडच्या गरात स्निग्धांश भरपूर असतो. एडमंड स्टाइल्स यांनी १९८० मध्ये दाखवून दिले, की पूर्वेकडील जंगलांत अशी स्निग्ध फळे आणि पक्ष्यांचे स्थलांतर यांची वेळ जुळलेली आहे. रानटर्की, ग्राउज आणि बॉबव्हाइट यांच्यासह किमान ३६ जातींचे पक्षी ही फळे खातात. खारी आणि अस्वलेही त्यांवर ताव मारतात. पानांत कॅल्शियम मुबलक असते आणि ती लवकर कुजतात, म्हणून झाडाखालची मातीही सकस होते.

फळाकडे झालेल्या दुर्लक्षाचा परिणाम १९७० च्या दशकात अँथ्रॅक्नोज हा बुरशीजन्य रोग आल्यावर दिसला. दमट, सावलीच्या जंगलांत झाडे झपाट्याने मेली. मेरीलँडमधील कॅटॉक्टिनच्या डोंगरात तर फार मोठी हानी झाली. बागांसाठी उत्तर तयार होते: पूर्व आशियातून आलेले, रोगाला बऱ्यापैकी दाद न देणारे कौसा डॉगवूड. रटगर्स विद्यापीठात एल्विन ऑर्टन यांनी दोन्हींचा संकरही घडवला. फुलांपुरते बोलायचे तर नुकसान भरून निघाले. पण त्या संकरातली बहुतेक झाडे वांझ, त्यांना फळ जवळजवळ धरतच नाही. कौसाचे फळ अनेक फळांचा मिळून झालेला मोठा गोळा असते. रिचर्ड आइड यांच्या मते ते आशियातल्या माकडांसाठी घडले. लहान पक्ष्याला ते अख्खे गिळता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, की खारी कौसाचीही फळे खातात आणि स्पाइसबुश, ब्लॅकगम यांची स्निग्ध फळे पक्ष्यांना मिळतातच. दोन्ही खरे आहे. पण एक फळ कमी आले तर दुसऱ्याने भागवता येते, ते अनेक जाती शिल्लक असतात म्हणूनच. त्यातली एकेक गेली की तो आधारच आटतो. शिवाय कौसा लावले जाते अंगणात. ओकच्या सावलीत मेलेल्या झाडांची जागा त्याने भरलेली नाही. उघड्यावर, उन्हात देशी झाडे तगतात हा दुसरा आक्षेपही बरोबर आहे, पण तो रस्त्याकडेच्या झाडांपुरता. जंगलाच्या आतला तुटवडा त्याने भरत नाही.

मार्ग आहे. कॅटॉक्टिनमध्येच रोगातून वाचलेल्या एका झाडापासून टेनेसी विद्यापीठाने ‘अ‍ॅपलॅचियन स्प्रिंग’ हे प्रतिकारक वाण तयार केले. मात्र हे झाड स्वतःच्या परागाने सहसा फळत नाही, त्यामुळे एकाच वाणाची रांग लावून भागणार नाही. शेजारी बीपासून वाढलेली देशी झाडे हवीत. रोपवाटिकेत निवड करताना फुलाच्या रंगाआधी फळधारणा विचारात घेतली, तरच लावलेल्या डॉगवूडचा उपयोग पक्ष्यांनाही होईल.