जोखीम कोणाची?

दोन वर्षांपूर्वी पुतण्याचा पुण्याहून फोन आला. एका योजनेविषयी मी विचारले होते. तो म्हणाला, “काका, मामला जरा डायसी आहे. नका पडू.” धोका आहे हे कळले, पण शब्द नवा होता. शब्दांच्या मागे लागण्याची जुनी खोड, म्हणून शोध घेतला. ‘डाइस’ म्हणजे फासे, त्यावरून ‘डायसी’. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिश वैमानिकांच्या बोलीतून तो रूढ झाला. विमान परत येईल की नाही, हे फाशाच्या दानासारखे.

मग आपला शब्द कोणता? जोखीम. पण माझ्या लहानपणी सोलापुरात तो वेगळाच ऐकला होता. अक्कलकोटच्या एसटीत बसल्यावर आई मला चिमटा काढून म्हणायची, “झोपू नको, जवळ जोखीम आहे.” जोखीम म्हणजे तिच्या पिशवीतल्या पाटल्या. सोन्यालाच धोका का म्हणायचे, हे कोडे मला पुष्कळ वर्षे सुटले नव्हते.

‘जोखणे’ म्हणजे वजन करणे, त्यावरून जोखीम आली असावी, असे सहज वाटते. व्युत्पत्तीचे अभ्यासक मात्र ती ‘योगक्षेम’ या संस्कृत शब्दाशी जोडतात. योगीचा जोगी झाला, क्षीरची खीर झाली, तसाच प्राकृतातून हा बदल झाला. योग म्हणजे नसलेले मिळवणे, क्षेम म्हणजे मिळालेले सांभाळणे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात व्यापाऱ्यावर कर बसवताना मालाच्या योगक्षेमाचा खर्चही पाहावा, असे सांगितले आहे. आयुर्विमा महामंडळाच्या बोधवाक्यातही हाच शब्द आहे. म्हणजे इंग्रजी शब्द जुगारातून निघाला, आपला सांभाळण्यातून. सांभाळायला दिलेली वस्तू ती जोखीम, ती सांभाळण्याची जबाबदारीही जोखीम, आणि ती बुडण्याचे भयही जोखीमच. आईचे बरोबर होते.

या शब्दाचे मोठेपण सांगून थांबणे मात्र खोटेपणाचे होईल. माझे वडील चाटी गल्लीत एका कापड दुकानात दिवाणजी होते. एकदा वसुलीची रक्कम आणताना गर्दीत त्यांची पिशवी कापली गेली. ‘जोखीम तुमच्याकडे होती,’ एवढेच मालक म्हणाले. पुढे दोन वर्षे पगारातून पैसे कापले गेले. वडिलांनी तक्रार केली नाही. मला मात्र तो शब्द कित्येक वर्षे टोचत राहिला.

पुढे हुंड्यांविषयी वाचताना ‘जोखमी हुंडी’ भेटली. माल पाठवणारा ही हुंडी माल घेणाऱ्यावर काढी आणि तिसऱ्याला विकी. माल सुखरूप पोचला तरच पैसे मिळत. वाटेत बुडाला तर हुंडी घेणाऱ्याचे पैसे गेले. त्या बदल्यात तो हुंडी कमी किमतीत घेई. कर्ज आणि विमा एकाच कागदात. जोखीम कोणाची, हे माल निघण्याआधीच ठरलेले असे, आणि ती घेणाऱ्याला तिचा मोबदला मिळे. वडिलांना तो कधीच मिळाला नव्हता. त्यांच्या पगारात जोखमीचा आकार धरलेलाच नव्हता.

आज जाहिराती घाईघाईने सांगतात की गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन आहे. इथे जोखीम कोणाच्या हातात नाही. ती बाजाराची, हवेची. आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या एका मावशींची पुंजी अशाच एका योजनेत गेली. एजंट म्हणाला, “रिस्क तर असतेच, मावशी.” फासा उलटा पडला, संपले.

‘डायसी’ म्हटले की दोष फाशाचा होतो. ‘जोखीम’ म्हटले की निदान एक प्रश्न उरतो: कोणाची? वडिलांच्या बाबतीत त्याचे उत्तर चुकीचे दिले गेले. मावशींच्या बाबतीत तो कोणी विचारलाच नाही.

त्या योजनेत मी पैसे घातले नाहीत. पुतण्याचे ऐकले, पण शब्द आईचा वापरला. पत्नीला म्हणालो, “नको. जवळ जोखीम आहे.”