शब्दापासून चित्राकडे : चांदवडचा रंगमहाल आणि यंत्रनिर्मित प्रतिमा

लिखित वर्णनावरून चित्र तयार करणे गेल्या दशकात यंत्राच्या आवाक्यात आले. संगणकावर एखादे वाक्य लिहावे, ते दूरच्या क्लाउड सेवेकडे जावे आणि काही क्षणांत त्याचे चित्र परत यावे, हा व्यवहार आता विद्यार्थ्यांच्याही परिचयाचा झाला आहे. त्याची चर्चा बहुधा तंत्रविद्येच्या अंगाने होते. परंतु शब्दाचे चित्र करण्याची क्रिया फार जुनी असून पालटला आहे तो शब्द आणि चित्र यांच्यामध्ये उभा असणारा मध्यस्थ. या पालटामुळे मराठी शब्दाचे काय होते, हे पाहण्यास नाशिक जिल्ह्यातील चांदवड हे सोयीचे स्थळ आहे.

चांदवड हे मुंबई–आग्रा मार्गावरील जुने ठाणे होय. यादवांच्या लेखांतील चंद्रादित्यपूर म्हणजे हेच गाव, असे अनेक अभ्यासक मानतात. अठराव्या शतकात ते होळकरांकडे आले आणि १८१८ च्या मंदसोर तहाने सातपुड्याच्या दक्षिणेकडील होळकरी मुलुखाबरोबर इंग्रजांकडे गेले. येथील होळकरांचा वाडा ‘रंगमहाल’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्याची उभारणी परंपरेने अहिल्याबाई होळकर (१७२५–१७९५) यांच्या नावाशी जोडली जाते. कोरीव लाकूडकाम आणि पौराणिक प्रसंगांची भित्तिचित्रे ही या वाड्याची दोन वैशिष्ट्ये होत.

अशा भित्तिचित्रांना आधारभूत असलेला शब्द कोणता? त्या काळच्या महाराष्ट्रात पुराणकथा मुख्यतः कानांवाटे पसरत. श्रीधराचे ‘हरिविजय’ (१७०२) आणि ‘रामविजय’ (१७०३) हे ग्रंथ घरोघर व देवळोदेवळी वाचले जात. कीर्तनकार त्याच कथा रंगवून सांगत. परंतु कथा कितीही रसाळ असली तरी ती चित्राला पुरेशी नसते. राम सभेत आला, असे कवी सांगतो; सभेला खांब किती, रामाच्या मागे कोण उभे, बैठकीचा रंग कोणता, हे तो सांगतोच असे नाही. चित्रकाराला मात्र यांपैकी एकही गोष्ट अनिर्णित ठेवता येत नाही. शब्द जेथे मौन धरतो तेथे चित्राला बोलावेच लागते. मराठेकालीन चित्रांत पौराणिक पात्रे पुष्कळदा समकालीन वेशात आणि ओळखीच्या वास्तूत दिसतात, याचे कारण हेच. ते मौन चित्रकाराने आपल्या परिसरातून भरून काढलेले असते.

ही भर घालण्याचे नियम भारतीय परंपरेने पूर्वीच ग्रथित केले होते. ‘विष्णुधर्मोत्तर पुराणा’च्या तिसऱ्या खंडातील चित्रसूत्रात अमूर्त कल्पनांनाही दृश्य चिन्हे नेमून दिली आहेत. पहाट दाखवावयाची तर मंदावलेले दिवे आणि आरवणारा कोंबडा काढावा. चांदणे दाखवावयाचे तर उमललेली कुमुदे काढावीत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त भिंत तयार करण्यापासून रंग सिद्ध करण्यापर्यंतचा विधी येतो आणि चित्रकथकाचाही उल्लेख येतो. शके १०५१ (इ. स. ११२९) मधील हा ग्रंथ त्यातील मराठी गीतामुळे भाषेच्या अभ्यासकांना परिचित आहेच. चित्रकथकाची परंपरा पुढे कुडाळजवळील पिंगुळी येथील ठाकर समाजाने जपली; तेथे एकेक चित्र समोर धरून कथा गायली जाते. या सर्व ठिकाणी मध्यस्थ म्हणजे संकेत, आणि तो संकेत जाणणारा समाज कथेचीच भाषा बोलणारा असे.

यंत्राचा मध्यस्थ निराळ्या रीतीने घडला. २०१५ साली टोरंटो विद्यापीठातील संशोधकांनी वाक्यावरून चित्र निर्माण करण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. ती चित्रे अवघ्या ३२ × ३२ बिंदूंची आणि अस्पष्ट होती. जानेवारी २०२१ मध्ये ओपनएआय या संस्थेने ‘डॅल-ई’ आणि ‘क्लिप’ या प्रणाली जाहीर केल्या. एप्रिल २०२२ मध्ये ‘डॅल-ई २’ आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ‘स्टेबल डिफ्यूजन’ या प्रणाली आल्या, आणि त्यानंतर अशा प्रणाली मोठ्या कंपन्यांच्या क्लाउड सेवांतून उपलब्ध होऊ लागल्या.

यांपैकी ‘क्लिप’ भाषेच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. इंटरनेटवरून गोळा केलेल्या ४० कोटी चित्र-मजकूर जोड्यांवरून कोणता मजकूर कोणत्या चित्राशी जुळतो, हे तिला शिकविण्यात आले. चित्र प्रत्यक्ष निर्माण करणारी प्रणाली केवळ ठिपक्यांच्या गोंधळापासून आरंभ करते आणि पायरीपायरीने तो गोंधळ कमी करते. प्रत्येक पायरीवर दिलेले वाक्य तिला दिशा देते. म्हणजे शब्दाचे मौन येथेही भरले जाते, परंतु ते पूर्वी पाहिलेल्या चित्रांच्या वारंवारतेने. ग्रंथातील नियमाची जागा येथे संख्येने घेतली आहे.

ही संख्या कोणत्या भाषेची, हा खरा प्रश्न आहे. २०२२ साली खुला करण्यात आलेल्या ‘लायन-५बी’ या संग्रहात सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या. त्यांतील सुमारे २३२ कोटी जोड्यांचा मजकूर इंग्रजी होता, तर शंभराहून अधिक इतर भाषांना मिळून जवळजवळ तेवढाच वाटा मिळाला होता. ‘स्टेबल डिफ्यूजन’चे आरंभीचे शिक्षण मुख्यतः त्यातील इंग्रजी भागावर झाले. अशा प्रणालीकडे मराठी वाक्य न्यावयाचे तर प्रथम त्याचा इंग्रजी अनुवाद करावा लागतो.

या अनुवादाच्या वाटेवर काय हरवू शकते, हे रंगमहालासारख्या वाड्याच्या परिभाषेवरून स्पष्ट होईल. वाड्याच्या मोठ्या दरवाजातील लहान दार म्हणजे ‘दिंडी’. परंतु हाच शब्द वारकऱ्यांच्या मेळ्यालाही आहे. चौकालगतची खांबांवर उभी असलेली खुली जागा म्हणजे ‘सोपा’. व्यवहारात हा शब्द बहुधा ‘अवघड’च्या विरुद्ध अर्थी येतो. ‘चौक’ म्हणजे घरातील अंगण, तसाच रस्त्यांचा संगमही. पेशवाई वळणाच्या खांबाला सुरूच्या झाडाच्या आकारावरून ‘सुरूचा खांब’ म्हणतात. ‘सुरू’चा नित्याचा अर्थ ‘चालू’. तुळईला आधार देणारा ‘हस्त’ हा शब्द संस्कृतात हातासाठी आहे. या पाचही शब्दांचा वास्तुविषयक अर्थ हा कमी वापरातला अर्थ आहे, आणि वारंवारतेवर चालणाऱ्या प्रणालीत दुर्मिळ अर्थाला अधिक वापरातला अर्थ मागे सारण्याचा धोका असतो. संदर्भ पुरेसा असेल तर अनुवाद अचूक होईलही. पण ‘सोपा’ हा नेमका शब्द इंग्रजीत ‘व्हरांडा’ होतो आणि त्या शब्दाबरोबर वसाहतकालीन बंगल्याचे चित्र येण्याची शक्यता वाढते.

येथे दोन परिणाम संभवतात. पहिला इतिहासाच्या अभ्यासाचा. ‘अठराव्या शतकातील चांदवडचा वाडा’ अशा वाक्यावरून निघालेले चित्र रेखीव व विश्वसनीय वाटेल; परंतु त्याची साक्ष अठराव्या शतकाविषयी नसून एकविसाव्या शतकातील चित्रे आणि त्यांच्या मजकुरांविषयी असेल. म्हणून अशा प्रतिमेसोबत मूळ वाक्य, सेवेचे नाव आणि दिनांक यांची नोंद असणे अगत्याचे आहे. एरवी ती साधन म्हणून प्रचारात येईल आणि पुढच्या संग्रहांत शिरून स्वतःच नवा संकेत बनेल. दुसरा परिणाम भाषेचा. ज्या शब्दाला यंत्राच्या संग्रहात चित्र नाही, तो शब्द लिहिणारा हळूहळू टाळू लागतो, कारण त्याचे इच्छित फळ मिळत नाही.

या दोन्हींवरील उपाय विद्यापीठांच्या हाती काही अंशी आहे. चित्रसूत्राने जे काम आपल्या काळासाठी केले तेच आज नव्या साधनांनी करावयाचे आहे. रंगमहालाचा प्रत्येक खांब, प्रत्येक हस्त, प्रत्येक भित्तिचित्र यांची छायाचित्रे घेऊन त्यांखाली सुतार व गवंडी वापरतात त्या शब्दांत पूर्ण मराठी वर्णन लिहिले जावे आणि ते सर्वांना खुले असावे. अशा नोंदींची संख्या कोटींत जाणार नाही. तथापि दुर्मिळ अर्थाला जी थोडी उदाहरणे लागतात, ती अशा नोंदींखेरीज अन्यत्र मिळण्याजोगी नाहीत. आणि लाकडावरील कोरीव काम व भिंतीवरील रंग टिकून आहेत तोवरच हे वर्णन प्रत्यक्ष पाहून लिहिता येईल.