पाखरू माणसाबरोबर

२७ जानेवारी १८९६ रोजी साउथ वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट झाला आणि ५७ माणसं दगावली. ऑक्सफर्डचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन तिथे जाऊन एकेक मृतदेह तपासू लागले. बहुतेकांचा जीव स्फोटाच्या दणक्याने गेलाच नव्हता. त्यांच्या कातडीवर गुलाबी झाक होती. स्फोटानंतर बोगद्यात पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने त्यांना गाठलं होतं.

खाणकामगारांना वायू ओळखता येत नसत असं नाही. मिथेन हलका, तो छताशी साचतो. म्हणून दिवा उंच धरायचा आणि ज्योतीवर निळी टोपी दिसते का ते पाहायचं. कार्बन डायऑक्साइड जड, तो जमिनीलगत. तिथे दिवा मंदावतो. कार्बन मोनॉक्साइडची मात्र ठरलेली जागा नाही. त्याचं वजन जवळजवळ हवेइतकंच, त्यामुळे तो हवेत सगळीकडे मिसळतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस कोसळला तरी दिवा जळतच राहतो.

दिवा हरला, तिथे हॉल्डेननी जिवंत प्राणी सुचवला. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्याचा परिणाम जोखण्यासाठी त्यांनी स्वतःच तो हुंगला होता. लहान जिवाचा श्वास जलद, म्हणून विष त्याला माणसाच्या कितीतरी आधी बाधतं. आधी उंदीर, मग कॅनरी. पक्षी दांडीवरून पडला की लगेच दिसतो, हा त्याचा मोठा गुण. काही पिंजऱ्यांवर तर ऑक्सिजनची छोटी नळकांडी असे, म्हणजे पाखराला पुन्हा शुद्धीवर आणता येई. ती माया पाहून आजही बरं वाटतं. १९११पासून ब्रिटिश खाणींत हे पक्षी होते. १९८६मध्ये दोनशेहून अधिक कॅनरींना निरोप देऊन विजेवरची यंत्रं आणायचं ठरलं.

पिंजरा भिंतीला टांगून निघून जायचं नाही, बचाव पथकाने तो हातात घेऊन पुढे सरकायचं, ही या पद्धतीतली खरी अक्कल. माणूस जी हवा घेतो, तीच पाखराने घ्यायची.

घराघरांत हा वायू ओळखणारी यंत्रं आली तेव्हा हाच विचार कामी आला. सप्टेंबर १९९४मध्ये टेनिसपटू विटास गेरुलायटिस न्यूयॉर्कजवळच्या एका पाहुणेघरात मरण पावला. पोहण्याच्या तलावाच्या हीटरचा वायू त्याच्या खोलीत शिरला होता. त्याच वर्षी शिकागोने घरात असं यंत्र बसवणं सक्तीचं केलं. अमेरिकेतला नियम सांगतो, प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर यंत्र हवं, कारण झोपेतल्या माणसाला डोकं दुखल्याचंही कळत नाही. ब्रिटनमध्ये शेगडी किंवा बॉयलरपासून १ ते ३ मीटरवर बसवायला सांगतात.

आपल्याकडे इथेच घोटाळा होतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, त्याचा डिटेक्टर जमिनीजवळ लागतो. तोच कार्बन मोनॉक्साइडलाही चालेल असं समजून लोक निर्धास्त राहतात. ही दोन यंत्रं वेगळी. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने थंडीत माणसं गेल्याच्या बातम्या मुंबई-पुण्यात वाचायला मिळतात. तिथे वाफेत यंत्र टांगून भागत नाही. गीझरच न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवायचा, आतमध्ये फक्त गरम पाण्याचा पाइप आणायचा.