डॉल्फिन विमानाचा मुंबईकर वैमानिक

आंदर मावळच्या खोऱ्यावरून विमान जातें, तेव्हां भाताची लावणी करणारा शेतकरी क्षणभर मान वर करतो आणि पुन्हां चिखलांत वांकतो. विमानाचें आतां कोणास नवल उरलेलें नाहीं. तें चालविणारा आपल्यांतलाच कोणी तरुण असेल, याचेंही नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या काळीं मात्र ही गोष्ट इतकी सोपी नव्हती. त्या युद्धांत ब्रिटिशांच्या लढाऊ विमानांतून लढलेल्या ज्या चार हिंदी तरुणांचीं नांवें विशेष सांगितलीं जातात, त्यांत एक मुंबईचा होता. त्याचें नांव श्रीकृष्ण वेलिंगकर.

वेलिंगकर केंब्रिजचे विद्यार्थी. सैन्यांतील अधिकारपद त्या काळीं राजाच्या सनदेनें मिळे, आणि ती सनद हिंदी माणसाच्या हातीं सहसा पडत नसे. ऑक्सफर्डच्या हरदितसिंग मलिक यांना आधीं फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवावी लागली. फ्रेंच लोक त्यांना विमानदलांत घेण्यास तयार आहेत, असें त्यांच्या शिक्षकांनीं इंग्रज सेनापतीस कळविलें, तेव्हां कोठें १९१७ सालीं दार किलकिलें झालें. त्याच सुमारास वेलिंगकर, इंद्रलाल रॉय आणि एरॉल सेन हेही वैमानिक झाले.

वैमानिकाचें शिक्षण म्हणजे निम्मी लढाईच होती. प्रथम जमिनीवर इंजिन, नकाशा, बिनतारी संदेश आणि यांत्रिक बंदूक यांचे पाठ. मग शिक्षकासह दोन आसनी विमानांत उड्डाण. आणि एके दिवशीं शिक्षक खालीं उतरे व शिष्यास एकट्यानें वर जावें लागे. गिरक्या घेत कोसळणाऱ्या विमानाचें पूर्वीं वैमानिकांस मोठें भय वाटे. गॉस्पोर्ट येथें स्मिथ-बॅरी यांनीं १९१७ सालीं नवी रीत घातली: विद्यार्थ्यानें मुद्दाम गिरकींत शिरावें आणि स्वतः बाहेर पडावें. भय टाळून नव्हे, तर जाणून घेतल्यानें जातें, हें त्या शिक्षणाचें सार होतें. तरीही शत्रूचें तोंड पाहण्यापूर्वींच कित्येक तरुण शिकतां शिकतांच मृत्युमुखीं पडले.

वेलिंगकर तेविसाव्या स्क्वाड्रनमध्यें दाखल झाले. १९१८ च्या वसंतांत त्या पथकास सॉपविथ डॉल्फिन हीं नवीं विमानें मिळालीं होतीं. डॉल्फिनची रचना विलक्षण. वैमानिकाचें डोकें वरच्या पंखाच्या चौकटींतून बाहेर येई. त्यामुळें वरचें व भोंवतालचें आकाश त्यास स्वच्छ दिसे. पण उतरतांना विमान उलटलें, तर पहिला आघात त्याच्याच डोक्यावर व्हावयाचा. जागा उघडी, आणि जवळ हवाई छत्री नाहीं. सूर्याच्या झोतांतून शत्रु केव्हां झडप घालील याचा नेम नसे. म्हणून मान सतत मागें वळवीत राहणें, हाच जीव राखण्याचा पहिला नियम.

जून १९१८ च्या अखेरीस वेलिंगकर गस्तीवरून परतले नाहींत. जखमी होऊन ते जर्मनांच्या हातीं सांपडले आणि ३० जून रोजीं त्यांचा अंत झाला. उत्तर फ्रान्समधील हांगार येथील युद्धस्मशानांत त्यांची समाधि आहे. त्यानंतर तीनच आठवड्यांनीं, २२ जुलै रोजीं, इंद्रलाल रॉय पडले. तेरा दिवसांत दहा विजय मिळविणारा तो वीर वीस वर्षांचाही झाला नव्हता. सेन १९१७ सालींच युद्धकैदी झाले होते. मलिक पायांत गोळ्या घेऊन वांचले आणि पुढें स्वतंत्र भारताचे फ्रान्समधील राजदूत झाले.

हिंदी माणसास विमान चालवितां येईल काय, या प्रश्नाचें उत्तर या चौघांनीं पहिल्या महायुद्धांतच देऊन ठेविलें होतें. तरी हिंदी विमानदलाची स्थापना होण्यास १९३२ साल उजाडावें लागलें. आज खडकवासल्याच्या प्रबोधिनींत शिकून एखादा मावळी मुलगा आकाशांत जातो, तेव्हां त्यास कोणाची शिफारस लागत नाहीं. तो मोकळा झालेला मार्ग ज्यांनीं प्रथम चोखाळला, त्यांतला एक हांगारच्या मातींत निजला आहे.