पार्किंगवरचा बीम आणि नंतर आलेलं वजन

नव्या सोसायट्यांमध्ये सगळ्यात जास्त भांडणं कशावरून होतात? पार्किंगवरून! त्यातही मधेच एखादा कॉलम आला की गाडीचं दार अर्धंच उघडतं. कॉलम नकोत म्हटलं तर हिशोब असा: ५ मीटर गाडी, ६ मीटर रस्ता, समोर पुन्हा ५ मीटर गाडी. म्हणजे १६ मीटरचा गाळा, मधे एकही आधार नाही. यावर बीम कुठला टाकायचा? या प्रश्नामागे जवळपास चारशे वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात गॅलिलिओपासून. नजरकैदेत असताना त्याने लिहिलेलं शेवटचं पुस्तक १६३८ साली हॉलंडमधल्या लायडनला छापलं गेलं. त्यात भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईचं गणित आहे. साहेबांचं उत्तर चुकलं, तुळई खऱ्यापेक्षा तिप्पट मजबूत निघाली :) पण फळी आडवी ठेवण्यापेक्षा उभी ठेवली तर जास्त वजन पेलते, हे त्याने अचूक सांगितलं. थोडक्यात काय, रुंदीपेक्षा उंची महत्त्वाची.

पुढे गणित पक्कं झालं. मीटरमागे वजन तेवढंच ठेवून गाळा दुप्पट केला, तर वाकवणारा जोर चौपट होतो आणि तोच बीम सोळापट लवतो. उपाय एकच, उंची वाढवा. आपल्या आयएस ४५६ प्रमाणे १६ मीटरच्या साध्या आरसीसी बीमची उंची पहिल्या अंदाजात सव्वा मीटरच्या आसपास येते. तळघरात एवढी जागा कुठून आणायची? डोक्यावर पाइप आणि डक्टही असतात. मग पोलादी आय-बीम घ्या, किंवा फ्रेंच इंजिनिअर फ्रेसिनेने १९२८ मध्ये पेटंट घेतलेली युक्ती वापरा: काँक्रीटमधल्या तारा आधीच ताणून ठेवायच्या. बीम कमी उंचीत बसतो.

इथवर ठीक. पण बीम निवडतो आपण एका ठराविक वजनासाठी, आणि खरी गंमत तिथेच आहे.

इंग्लंडमध्ये चेस्टरजवळ डी नदीवर रॉबर्ट स्टीफन्सनने रेल्वेचा पूल बांधला. गाळा ९८ फूट, गर्डर बिडाचे, तीन तुकडे बोल्टने जोडलेले. बीड दाब उत्तम सोसतं, ताणात मात्र कच्चं. आणि वाकणाऱ्या गर्डरचा खालचा भाग ताणातच असतो. हॉजकिन्सनने १८३० च्या सुमारास प्रयोग करून म्हणूनच सांगितलं होतं, की बिडाच्या बीमच्या खालच्या पट्टीचं छेदाचं क्षेत्रफळ वरच्या पट्टीच्या सहापट हवं. २४ मे १८४७ ला लाकडी तळाला इंजिनाच्या निखाऱ्यांनी आग लागू नये म्हणून पुलावर सुमारे ५ इंच खडी पसरली. त्याच संध्याकाळी गाडी जाताना गर्डर मोडला आणि ५ माणसं गेली. मूळ डिझाईन आधीच काठावर होतं, त्यात सुरक्षेसाठी टाकलेल्या खडीचं ओझं वाढलं.

ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देता येत नाही. फ्लोरिडातली सर्फसाइडची इमारत १९८१ ची. २४ जून २०२१ च्या रात्री तिचा मोठा भाग कोसळला, ९८ माणसं गेली. तळघरातल्या पार्किंगवर तिथे लांब बीम नव्हते, कॉलमवर टेकलेला सपाट स्लॅब होता. पण तपासात निस्ट या सरकारी संस्थेला दिसलं ते ओळखीचं होतं: पूलशेजारचा तो स्लॅब मुळातच कमजोर, आणि त्यावर नंतर वाळू, फरशा आणि जड कुंड्यांचं वजन वाढलेलं.

आता आपल्याकडे या. पार्किंगवरच्या पोडियमवर बाग करायची टूम आहे. गाड्यांच्या पार्किंगसाठी आयएस ८७५ मध्ये धरलेलं वजन चौरस मीटरला सुमारे २५० किलो. आणि एक फूट ओली माती? साधारण ५५० किलो! गाडीपेक्षा बाग दुप्पट जड. शिवाय गाडी संध्याकाळी निघून जाते, माती कायमची.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना चालू सिस्टिमवर "एवढंसं तर आहे" म्हणत फीचर चढवायची सवय असते. तिथे फार तर सर्व्हर बसतो. तेव्हा पुढच्या सोसायटी मीटिंगमध्ये कोणी "पोडियमवर अजून चार झाडं लावू" म्हणालं, तर झाडाला विरोध नको. फक्त एवढंच विचारा: खालचा बीम किती मातीसाठी निवडला होता, आणि तो कागद कोणाकडे आहे?