चहाच्या चोथ्याची कुळकथा

माहूरगडाच्या पायथ्याशी येऊन रेणुकामातेचे माहात्म्य सांगावयाचे सोडून आम्ही चहाच्या चोथ्यावर बोलावयास उभे राहिलो, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु नवरात्रात गडाच्या वाटेने जाताना पाहावे. टपरीटपरीवर गाळणी आपटली जाते आणि चोथा नालीत पडतो. इतिहास केवळ किल्ल्यांनाच असतो असे नाही. ह्या मूठभर चोथ्यासही तो आहे.

आपल्या पणज्या-आज्यांच्या घरी चहा नव्हता. १९०३ साली सरकारने चहाच्या निर्यातीवर पट्टी बसविली व त्या पैशातून चहाचा प्रसार आरंभिला. पहिल्या महायुद्धापासून गिरण्यांत व खाणींत चहाची दुकाने मांडली गेली. थकल्या मजुराला चहाने तरतरी येते हे मालकांनी ओळखले. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यांत उपाहारगृह सक्तीचे करण्याची सोय झाली, आणि त्याच्या कारभारात कामगारांच्या प्रतिनिधींस जागा मिळाली.

आता चोथ्याचे पुढे काय होते? ह्याला दोन वाटा आहेत. पहिली वाट जुनी आणि काळी आहे. वापरलेली पत्ती वाळवून, रंगवून नवी म्हणून विकू नये, असा कायदा विलायतेत अठराव्या शतकातच करावा लागला. तरीही १८४० च्या सुमारास लंडनमध्ये हा धंदा करणारे कारखाने होते. आपल्याकडे अन्नभेसळीचा कायदा १९५४ साली झाला. पण तरुणपणी आम्ही एका गावी हॉटेलच्या पोऱ्यास गच्चीवर चोथा वाळत घालताना पाहिले. “कशाला रे?” म्हणून विचारले. तो म्हणाला, “मालक इकतो, दादा. एक माणूस पोत्यानं नेतो.” तो माणूस त्याचे काय करी, हे आम्ही सिद्ध करू शकलो नाही. पण आमच्या वस्तीत मिळणारी स्वस्त सुटी पूड त्या दिवसापासून आमच्या घशाखाली उतरेना. भेसळ नेहमी गरिबाच्याच कपात पडते.

दुसरी वाट इंदूरची. होळकरांच्या त्या नगरीत अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, माती व राख यांचे थर रचून, मधूनमधून उलथापालथ करून, सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसविली. १९३१ साली दोघांच्या नावे त्यावर ग्रंथ निघाला. पुढे चहाच्या मळ्यांनीही ही रीत उचलली. ज्या मातीतून पान आले तिचे देणे फेडण्याचीच ही वाट होय.

उपाहारगृहाच्या समितीत आम्ही ठराव आणला : चोथा विकावयाचा नाही, आवारातल्या खड्ड्यात घालावयाचा. आमच्याच दोघा सभासदांनी विरोध केला. विक्रीचे चार पैसे कल्याण निधीत येत होते ना! “ते पैसे आपल्याच बायकापोरांच्या कपातून परत गेले तर?” एवढेच आम्ही विचारले. ठराव दोन मतांनी पास झाला.

घरी तर हे काम त्याहून सोपे. दूधसाखरेचा चोथा पाण्याने खळबळून घ्यावा, नाहीतर मुंग्या व वास येतो. नुसता चोथा दाटतो आणि बुरसतो. म्हणून त्यात दुपटी-तिपटीने सुका पालापाचोळा मिसळावा. माहूर-किनवटच्या रानात सागाच्या पानांस तोटा नाही. ती चुरून घालावीत. थोडी माती, थोडे शेण, हाताला लागेल इतकी ओल, आणि आठवड्यास एकदा उलथणे. चहाच्या पुड्या असतील तर फोडून पत्ती घ्यावी व पिन काढावी. पुष्कळ पुड्यांत प्लास्टिकचे धागे असतात, ते कुजत नाहीत.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. येथे तीन महिने पुरतात. मळ्यातील मजुरणीने खुडलेले पान पुन्हा गरिबाच्या कपात जावे की कुंडीतल्या तुळशीला, ह्याचा निकाल कायदा देईल तेव्हा देवो. तो आज रात्री आपल्या गाळणीपाशी लागणार आहे.