बद्ध बलून : गतिकीय स्थैर्याचा इतिहास

हवेपेक्षा हलक्या वायूने भरलेले व दोराने जमिनीशी जखडलेले बलून म्हणजे बद्ध बलून होय. त्याचा उपयोग प्रामुख्याने उंचावरून निरीक्षण करण्यासाठी होत आला आहे. मात्र वाऱ्यात ते स्थिर ठेवणे हा आरंभापासूनच बिकट प्रश्न होता.

फ्ल्यूरस (बेल्जियम) येथील लढाईत २६ जून १७९४ रोजी फ्रेंच सैन्याच्या बद्ध बलूनातून कूतेल यांनी शत्रूच्या हालचालींची टेहळणी केली. हे बलून गोलाकार होते. असे बलून वाऱ्याने खाली रेटले जाते, स्वतःभोवती फिरते व हेलकावे खाते. त्यामुळे जोराच्या वाऱ्यात दुर्बिणीतून पाहणे दुष्कर होई.

झोताने ढळलेल्या बलूनास मूळ स्थितीकडे परतविणारी प्रेरणा निर्माण होणे, हे स्थितिक स्थैर्य होय. परंतु परतताना बलून मूळ जागा ओलांडून पलीकडे जाते. ही आंदोलने क्रमाने क्षीण होत गेली, तरच त्यास गतिकीय स्थैर्य आहे असे म्हणतात. ती वाढत गेल्यास दोर तुटण्याचा वा बलून जमिनीवर आदळण्याचा धोका असतो.

१८९०–१९०० या दशकात जर्मनीत पार्सेव्हाल व झिग्सफेल्ट यांनी लांबट आकाराचे ‘पतंग-बलून’ तयार केले. वाऱ्याशी कोन करून राहिल्याने त्यास पतंगाप्रमाणे उत्थापन मिळे; शेपटाकडील हवेची पिशवी त्याचे तोंड वाऱ्याकडे ठेवी. पहिल्या महायुद्धात फ्रेंच अभियंते आल्बेर काको यांनी परस्परांशी १२०° कोन करणारे, हवेने फुगणारे तीन पुच्छपंख योजले. त्यांचे बलून ताशी सु. ९० किमी. वेगाच्या वाऱ्यातही टिकाव धरी. त्याच काळात ब्रिटनमध्ये बेअरस्टो व त्यांचे सहकारी यांनी या स्थैर्याचे गणिती विवेचन केले. पुच्छाचा आकार, दोर बांधण्याचे स्थान, दोराची लांबी व ताण यांवर आंदोलनांचे शमन अवलंबून असते.

पुच्छाचे महत्त्व पुढेही कायम राहिले. २८ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकी सैन्याचे सु. ७४ मी. लांबीचे टेहळणी बलून मेरिलंडमधून सुटून पेनसिल्व्हेनियात गेले. त्याच्या लोंबत्या तारदोराने विजेच्या तारा तुटून हजारो लोकांचा वीजपुरवठा खंडित झाला. दाबमापक नलिकेतील बिघाडामुळे पुच्छपंखातील हवेचा दाब घटला व बलूनाचे स्थैर्य ढळले, असे चौकशीत आढळले.